पाडव्याच्या आत

"माझा फोटो हिच्यापेक्षा लहान कसा काय?"

तात्या खराडे माझ्या खुर्चीमागे उभे राहून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बोट आपटत होते. प्रत्येक आपटीला स्क्रीन डुगडुगायची आणि मला धसका बसायचा, कारण ती फुटली असती तर आमच्या मालकांनी तिचे पैसे माझ्याच पगारातून कापले असते.

"तात्या, उमेदवार काकू आहेत. म्हणून त्यांचा मोठा," मी म्हटलं.

"उमेदवार ती आहे, पण गाव ओळखतं कुणाला? ओढ मला जरा."

मी माऊसनं तात्यांना ओढलं. ते काकूंएवढे झाले.

"अजून."

अजून ओढलं. आता तात्यांचा कान काकूंच्या पदरावर चढला.

"हां! आता शोभतोय जोडा. आणि हे बघ वैजू, खालच्या रांगेत माझ्या मेव्हण्याचा फोटो तिसरा पाहिजे. सातवा टाकलास तर तो प्रचाराला यायचा नाही."

त्या वर्षी आमच्या पिंपळदऱ्याचं सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं होतं. तात्यांची फार वर्षांची इच्छा, आणि नशिबानं अशी थट्टा केली. मग त्यांनी इंदुमती काकूंना उभं केलं, म्हणजे काकूंचं नाव आणि तात्यांचा कारभार. काकूंना कुणी विचारलंही नाही. अर्ज भरायला तालुक्याला नेलं, तेव्हा त्यांना वाटलं डोळे तपासायला चाललोय.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. तालुक्याच्या एका प्रेसमध्ये पत्रिका, पावत्या, पत्रकं टाइप करायची. निवडणुकीच्या हंगामात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. पत्रकावरचा फोटो प्रत्येक जण बघतो. नावाच्या आधी 'मा.' आहे की 'श्री.', ते दहादा तपासतो. पण पाठीमागचा जाहीरनामा? तो कुणी म्हणजे कुणी वाचत नाही. ज्याचा आहे तोही नाही. माझ्याकडे अकरा कलमांची एक फाइल होती. तीच मी त्या महिन्यात सात गावांना दिली होती. आमच्याच गावच्या विरोधी पॅनेललाही तीच दिली. एका गावाला तर 'नदीवर घाट बांधणार' असं छापून दिलं, त्या गावाला नदीच नव्हती. एकानंही तक्रार केली नाही.

"तात्या, पाठीमागं मजकूर काय घालू?"

"मागचाच टाक की. सर्वांगीण विकास." फोटोंवर 'ओके' लिहून सही ठोकून तात्या गेलेसुद्धा.

गावात 'जाहीरनामा' या शब्दाची काय किंमत होती, तेही सांगते. नवरा म्हणाला, 'पुढच्या महिन्यात तुला साडी घेतो,' की बायको म्हणायची, 'जाहीरनामा नको, तारीख सांगा.' पोरगा म्हणाला, 'उद्यापासून अभ्यास करतो,' की आई म्हणायची, 'झाला याचा जाहीरनामा सुरू.' म्हणजे थाप म्हणायचं नसेल तर जाहीरनामा म्हणायचं, एवढंच.

त्यात तात्यांची नवी सून केतकी पुण्याहून लग्न होऊन आली आणि तिनं आणखी एक शब्द आणला. मॅनिफेस्ट. पोरगी गोड, बडबडी, माझ्याच वयाची. आमचं लगेच जमलं. तिच्याकडे एक गुलाबी वही होती. जे हवं ते सकाळी तीनदा, दुपारी सहादा, संध्याकाळी नऊदा लिहायचं. मिळालंच आहे असं समजून लिहायचं. मग युनिव्हर्स देतं म्हणे.

"वॉशिंग मशीन मॅनिफेस्ट केलं, एकवीस दिवसांत आलं," केतकी म्हणाली.

"तुझ्या वडिलांनी पाठवलं की ते!"

"हो, पण त्यांना बुद्धी कुणी दिली?"

महिनाभरात सगळ्या आळीला तो शब्द लागला. पाहुणे न सांगता आले की बायका म्हणायच्या, 'बघ, मॅनिफेस्ट झालं दारात!' माझी आई तर मी वहीत डोकं घातलं की ओरडायची, "काय मॅनिफेस्टतीयस मगापासनं? भाकरी मॅनिफेस्ट कर जरा!"

हो, मीही लिहीत होते. केतकीनं गळ घातली म्हणून. पहिल्या दिवशी तिनं माझी वही बघितली आणि कपाळाला हात लावला.

"संडास? वैजू, लोक बंगला मागतात, परदेश मागतात, चांगला नवरा मागतात!"

"नवऱ्याचं नंतर बघू. मला संडास पाहिजे. बाजारतळावर, बायकांसाठी."

तिला हसू आवरेना. मग मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा आवरलं.

माझी आई बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. पहाटे पाचला घरातून निघायचं, संध्याकाळी सहाला परत. बाजारतळावर शे-दीडशे बायका विकायला बसतात आणि तिथं बायकांना जायला जागा नाही. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. म्हणून आई बुधवारी पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मंगळवारी रात्रीपासूनच बंद. उन्हाळ्यातसुद्धा. बावीस वर्षं हेच. मग व्हायचं तेच झालं, मुतखडा झाला. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं." आई माझ्याकडे बघून पुटपुटली, "आणि पिऊन जायचं कुठं? ह्यांच्या दवाखान्यात?"

पत्रकाचं काम आलं त्या सोमवारी सकाळी आई पुन्हा तापानं फणफणली. खाटेवर मुटकुळं करून पडली होती आणि तोंडातून आवाज काढत नव्हती. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "उद्या सोनोग्राफी करू. पण हे असंच चाललं तर एक किडनी जाणार. बाजार बंद करा त्यांचा." बाजार बंद केला तर आई जिवंतपणी मेल्यासारखी होईल, हे त्यांना कुठं माहीत!

तशीच दुपारी प्रेसवर गेले. तात्या फोटोंवर सही ठोकून गेल्यावर त्यांचं पत्रक पुन्हा उघडलं, अकरा कलमं चिकटवली. चौथं कलम डोळ्यांसमोर आलं. 'माता-भगिनींचा सन्मान राखणार.'

माझं टाळकंच सटकलं. आजवर हे वाक्य मी सात गावांना विकलं होतं. मी अकराच्या अकरा कलमं पुसून टाकली आणि मोठ्या टाइपात एकच गोष्ट लिहिली: 'बाजारतळावर बायकांसाठी चार संडास. पाणी आणि दिव्यासह. पाडव्याच्या आत.'

तारीख मुद्दाम घातली. नाहीतर आमचं गाव त्याला जाहीरनामाच म्हणालं असतं.

लिहिलं खरं, पण आता ते खपवायचं कसं? त्यात नियम असा की पत्रक छापायच्या आधी उमेदवाराची सही लागते. संध्याकाळी कच्ची प्रत घेऊन काकूंकडे गेले. काकू मागच्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कागद फोटोंच्या बाजूनं धरला आणि बोट ठेवलं. "काकू, इथं सही."

काकूंनी कागद घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"चष्मा नाही गं जवळ," काकू म्हणाल्या. "ठेव. उद्या केतकीबरोबर धाडते. आई कशी आहे?"

"ताप आहे."

"हं," म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

मंगळवारी मी आईला घेऊन सोनोग्राफीला. दिवसभर तिकडेच गेला. केतकीनं प्रेसवर पाकीट दिलं, मालकांनी स्वतः छपाई उरकली आणि गठ्ठे गावात गेले. बुधवारी भर बाजारात ते वाटले गेले.

दुपारी बारा वाजता तात्या प्रेसवर आले ते जीपमधून उडी मारूनच. मालक कागद आणायला कोल्हापूरला गेलेले, प्रेसवर मी एकटी.

"कुणी लिहिलं हे?" पत्रक माझ्या नाकापुढं नाचवत तात्या गरजले. "पुढं माझा हसरा फोटो आणि मागं संडास! सगळा बाजार वाचतोय! भाजीवाल्या एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवतायत! आजवर माझं पत्रक कुणी वाचलं नव्हतं!"

मला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. दोन्ही दाबून मी म्हटलं, "मी लिहिलं, तात्या."

"आणि हे? हे पण तूच? निवडून यायच्या आधी राजीनामा?"

"कसला राजीनामा?"

त्यांनी पत्रक टेबलावर आपटलं. माझ्या मजकुराखाली आणखी एक ओळ छापलेली होती: 'हे काम पाडव्याच्या आत झालं नाही, तर त्याच दिवशी मी सरपंचपदाचा राजीनामा देईन.'

मी चाटच पडले. "हे माझं नाही. शपथ घेऊन सांगते."

"मग काय कागदाला पालवी फुटली?" तात्या खुर्चीत बसले, घाम पुसला. मग आवाज उतरवून बोलले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "हे बघ पोरी. उद्या संध्याकाळी बाजारतळावर शेवटची सभा आहे. मी सांगणार, ही छपाईची चूक आहे. तू माझ्या शेजारी उभी राहून माफी मागायची. नाहीतर माझ्या सोसायटीचं, पतपेढीचं, सगळं छपाईचं काम या प्रेसमधून बंद. मग मालक तुला ठेवतो का बघ."

ते गेल्यावर मी केतकीला फोन लावला. "राजीनाम्याची ओळ तू घातलीस?"

"मी? पाकीट चिकटवलेलं होतं गं. मी नेऊन दिलं फक्त." मग दबक्या आवाजात, "वैजू, तुला वाटतं युनिव्हर्सनं...?"

"ठेव फोन!"

मालकांचा फोन लागेना. संध्याकाळी घरी गेले तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. ताप उतरला होता. मी चहा केला, शेजारी बसले.

"माझ्या लघवीचा बोभाटा केलास गावभर," आई शेवटी म्हणाली.

"तुझं नाव कुठं लिहिलंय?"

"कळत नाही व्हय लोकांना?" मग उठून बसली. "माग माफी. नोकरी गेली तर खायचं काय? मी बसते घरी. नाही जात बाजाराला. झालं तुझं समाधान?"

आई आयुष्यात पहिल्यांदा बाजार सोडायचं बोलली, आणि ते माझ्यामुळं. मला रडू फुटलं. आई म्हणाली, "आता रडून चहा खारट करू नकोस." मग आम्ही दोघी हसलो.

गुरुवारी संध्याकाळी बाजारतळावर तोबा गर्दी. एरवी सभेला पुरुष खुर्च्यांवर बसायचे, बायका फारतर लांब ओट्यांवर. त्या दिवशी भाजीवाल्या, बांगडीवाल्या, मासळीवाल्या थेट स्टेजपुढं मांडी ठोकून बसल्या होत्या. आमच्या शेजारच्या ठेल्यावरची शेवंता मावशी सगळ्यांत पुढं. आई मात्र मागं, एका खांबाला टेकून. येणार नाही म्हणाली होती, पण आली.

तात्यांनी माइक घेतला. "बंधूंनो, भगिनींनो. पत्रकाच्या मागच्या बाजूला छपाईची चूक झालेली आहे. आमचा जाहीरनामा सर्वांगीण विकासाचा आहे. ही चूक करणारी मुलगी इथं हजर आहे. ती आपल्यासमोर माफी मागेल. ये गं."

मी स्टेजवर चढले. मी माइक हातात घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली होती.

तेवढ्यात माझ्या हातातून कुणीतरी माइक काढून घेतला.

इंदुमती काकू. गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर पदर आणि नाकावर चष्मा. प्रचाराच्या दहा दिवसांत त्यांनी हात जोडण्यापलीकडं काही केलं नव्हतं. माइक उलटा धरलाय हे कळल्यावर त्यांनी तो सुलटा केला.

"चूक नाही झालेली," काकू म्हणाल्या. एवढं बोलून थांबल्या. आवाज स्वतःचाच कानावर आला तशा जरा दचकल्या. "संडास वैजूनं लिहिले. सोमवारी कागद माझ्या हातात दिला तिनं. पोरीचा हात असा लटलट कापत होता. मी म्हटलं, काहीतरी आहे ह्यात. रात्री चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग राजीनामा मी लिहिला. पेनानं. पाकिटात घालून चिकटवला."

तात्या पुढं सरकले. "अगं, काय बोलतीयस..."

"थांबा हो. दहा दिवस तुम्हीच बोलताय." बायकांमध्ये खसखस पिकली. काकूंना धीर आला. "तीस वर्षं ह्यांचे जाहीरनामे ऐकतेय मी. लग्नात म्हणाले, महाबळेश्वरला नेतो. अजून वाई ओलांडली नाही आम्ही!"

आता पुरुषसुद्धा खो-खो हसायला लागले. तात्यांना काय करावं सुचेना. आधी रागावून बघितलं, मग सगळेच हसतायत म्हटल्यावर तेही कसनुसं हसले.

काकूंचा चेहरा मात्र गंभीर झाला. "लग्नाआधी मी माझ्या आईबरोबर बाजारात बसायची. मिरच्या विकायला. माझ्या आईनं पण पाणी नाही प्यायलं कधी बाजारात. ती कशानं गेली ते आम्हाला डॉक्टरनं नंतर सांगितलं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हणून लिहिलं. मत द्यायचं तर द्या, नका देऊ. पण दिलंत तर पाडव्याला इथं या आणि चार दारं मोजा. तीन भरली, तर मी खुर्चीवर बसणार नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. आधी शेवंता मावशी उठून उभी राहिली. मग तिच्या बाजूची. मग सगळ्याच. बायका नुसत्या उभ्या राहिल्या. मी काकूंचा हात धरला, तर तो माझ्यासारखाच लटलट कापत होता.

एकशे शहाण्णव मतांनी काकू निवडून आल्या. तात्यांनी गुलाल उधळून घेतला आणि ज्याला त्याला सांगत सुटले, "संडासाची कल्पना मूळची माझीच." केतकी धावत माझ्याकडे आली, मला गदागदा हलवलं. "बघ! बघ! मॅनिफेस्ट झालं! युनिव्हर्सनं ऐकलं!"

"युनिव्हर्सची सही कुठं होती गं त्या कागदावर?" काकू मागून म्हणाल्या. "सही माझी होती. चल, ग्रामसेवकाला फोन लाव."

पुढचे तीन महिने काकूंनी कुणाला सुखानं बसू दिलं नाही. ग्रामसेवक, ठेकेदार, पंचायत समितीचे साहेब, सगळ्यांना रोज फोन. साहेब दौऱ्यावर आहेत असं सांगितलं की काकू डबा बांधून ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसायच्या. राजीनामा लिहून त्यांनी पिशवीतच ठेवला होता. कुणी 'बघू' म्हणालं की तो कागद काढून टेबलावर ठेवायच्या. "पाडवा बावीस तारखेला आहे, साहेब. तुम्ही बघू म्हणताय, मी काय बघू?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तीन दारं बसली होती. चौथ्याचा सुतार गावाला निघून गेलेला. काकू दिवसभर बाजारतळावर उभ्या, राजीनाम्याची पिशवी छातीशी धरलेली. शेवटी संध्याकाळी तात्यांनीच जीप काढली, बारा मैलांवरनं सुताराला जेवत्या ताटावरून उठवून आणलं आणि स्वतः दार धरून उभे राहिले. "बाई राजीनामा देईल हो," ते सुताराला सांगत होते, "खरंच देईल, मी ओळखतो तिला."

त्या वर्षी पाडवा नेमका बुधवारी आला. सकाळी काकूंनी फीत कापली, नारळ फोडला. भाषण केलं नाही. लोकांनी मोठ्यानं दारं मोजली. चार भरली.

आई नेहमीच्या जागी मेथी, कोथिंबीर मांडून बसली होती. तिथवरच्या सगळ्या बुधवारांना मी घरी भांडून तिला पाणी पाजायला बघायचे आणि ती ओठ मिटून घ्यायची. त्या दिवशी मी तांब्या भरून तिच्या पुढ्यात ठेवला आणि काही बोलले नाही. आईनं तांब्याकडं बघितलं, चार दारांकडं बघितलं. मग तांब्या उचलला आणि भर बाजारात गटागटा सगळा रिकामा केला. हनुवटीवरून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही.

अर्ध्या तासानं आई उठली. बावीस वर्षांत ती बाजार भरलेला असताना जागेवरून उठलेली मी बघितली नव्हती. "मेथी बघ," म्हणाली आणि सावकाश, कुठलीही घाई न करता चालत गेली. परत आली, पदर सारखा करून बसली, आणि शेवंता मावशीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आतून कडी लागते गं."

शेवंता मावशीनं तराजू खाली ठेवला. तिच्या पलीकडची उठली. त्या रांगेतल्या सहाच्या सहा जणी हसत, एकमेकींना ढकलत निघाल्या, आणि मी एकटी सगळ्यांची भाजी सांभाळत बसले. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "थांबा जरा. बायका येतायत."